गाडी एकाची, धक्का चौघांचा

जुन्या गाड्यांच्या क्लबाचा मेळावा ओळखायची एक सोपी खूण आहे. गाड्या रांगेत उभ्या, बॉनेटं उघडी आणि प्रत्येक बॉनेटमध्ये तीन-चार डोकी खुपसलेली. त्यातलं एक डोकं मालकाचं, बाकीची सल्ला द्यायला आलेली. रविवारी सकाळी सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून ग्रीसमध्ये हात बुडवायला ही माणसं घरातून का निघतात, हे त्यांच्या घरच्यांना वर्षानुवर्षं उमगलेलं नाही. मला विचाराल तर कारण साधं आहे. जुनी गाडी एकट्याने सांभाळताच येत नाही. पार्ट एकाकडे असतो, तो बसवणारा मिस्त्री दुसऱ्याच्या ओळखीचा असतो आणि गाडी बंद पडली की धक्का मारायला तिसरा लागतो. क्लबातले खेळ, सहली, खाणंपिणं, रुसवेफुगवे हे सगळं या एका गरजेभोवती उगवलेलं आहे. त्यातल्याच या काही गमती.

चिखल फासलेली मोटार

या सगळ्या मेळाव्यांची पणजी म्हणजे लंडन ते ब्रायटन ही फेरी. तारीख १४ नोव्हेंबर १८९६. इंग्लंडमध्ये तोवर यंत्रावर चालणाऱ्या वाहनाला गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात ताशी २ मैल एवढीच मुभा होती. शिवाय पुढे एक माणूस पायी चालवावा लागे. नव्या कायद्याने ही मर्यादा ताशी १४ मैलांवर नेली आणि मोटारवाल्यांनी त्याच दिवशी जल्लोषात ब्रायटनच्या समुद्राकडे कूच केलं. निघण्याआधी नाश्त्याला लॉर्ड विंचिल्सी यांनी सर्वांसमक्ष लाल झेंडा टराटरा फाडला. यातली मेख अशी, की पुढच्या माणसाच्या हाती लाल झेंडा हवाच ही अट १८७८ सालीच गेली होती. पण फाडायला काहीतरी हवं ना! समारंभ म्हटला की थोडं नाटक आलंच, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी निघालेल्यांपैकी बऱ्याच गाड्या ब्रायटनला पोचल्याच नाहीत. पोचलेल्यांपैकी एक विजेवर चालणारी गाडी म्हणे रेल्वेने आणली होती आणि शेवटच्या टप्प्याआधी तिला चिखल फासून रस्त्यावर उतरवलं होतं. खरंखोटं आता कोण सांगणार? पण क्लबांमधून ही कथा सव्वाशे वर्षं चवीने सांगितली जाते.

१९२७ पासून ही फेरी पुन्हा सुरू झाली. आता ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी असते. दिवस उजाडता उजाडता हाईड पार्कमधून निघायचं आणि साधारण ६० मैल कापायचे. १ जानेवारी १९०५ च्या आधी बनलेल्या गाडीलाच प्रवेश. १९०६ ची गाडी कितीही देखणी असो, ती इथे 'नवीन' ठरते. ही शर्यत नसल्यामुळे पहिला-दुसरा नंबर कुणाचाच नाही. संध्याकाळी साडेचारच्या आत पोचलात की पदक मिळतं. डोक्यावर टप नाही, समोर काच नाही, वर नोव्हेंबरातला इंग्लंडचा पाऊस. पदक खरं तर आत बसणाऱ्या बायकोमुलांना द्यायला हवं.

याच फेरीवर १९५३ साली 'जेनेव्हिव्ह' नावाचा विनोदी चित्रपट आला आणि जुन्या गाड्यांचं वेड घराघरांत पोचलं. जेनेव्हिव्ह हे नायिकेचं नाव नाही, १९०४ च्या डॅरॅक गाडीचं आहे. ती गाडी चालवणारा नायक जॉन ग्रेगसन याला चित्रीकरण सुरू झालं तेव्हा गाडी चालवताच येत नव्हती!

एक घोट, शंभर गप्पा

१९३० ची ती फेरी आटोपल्यावर ब्रायटनच्या 'ओल्ड शिप' हॉटेलात काही मंडळी बसली आणि तिथेच व्हेटरन कार क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन जन्माला आला. जुन्या मोटारींसाठीचा हा जगातला सर्वांत जुना क्लब मानतात. म्हणजे मूळ सभा भरली ती गॅरेजात नाही, हॉटेलात. ती परंपरा तिथल्या गावोगावच्या क्लबांनी निष्ठेने पाळली आहे. महिन्यातून एकदा ठरलेल्या पबमध्ये जमायचं, त्याला नाव 'नॉगिन अँड नॅटर'. नॉगिन म्हणजे पेयाचा छोटा पेला आणि नॅटर म्हणजे निव्वळ गप्पा. कार्यक्रमपत्रिका नाही, भाषण नाही. आपण ज्याला कट्टा म्हणतो तोच हा, फक्त बाहेर गाड्या लावलेल्या. आपल्याकडे पेल्याची जागा मिसळीने घेतली आहे. मुंबई-पुण्यातले गाडीवेडे रविवारी पहाटे निघतात, घाटाच्या अलीकडे-पलीकडे थांबतात आणि कार्बुरेटरबरोबर तर्रीचीही चिकित्सा करतात. गाडी घाटात तापली तर रेडिएटर थंड होईपर्यंत दुसरी प्लेट मागवता येते, हा त्यातला छुपा फायदा.

ब्रिटनमधल्या जुन्या वाहनांच्या क्लबांचा आणखी एक ठरलेला दिवस म्हणजे 'ड्राइव्ह इट डे'. २३ एप्रिलच्या आसपासच्या रविवारी देशभरातल्या जुन्या गाड्या एकाच वेळी रस्त्यावर येतात. १९०० साली याच तारखेला हजार मैलांची मोटार चाचणी सुरू झाली होती, तिची ही आठवण. दुचाकीवालेही मागे नाहीत. म्हैसूरला बनलेल्या जावा-येझदींचे चाहते भारतभर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जमतात. ऐन पावसाळ्यात. हौसेला छत्री नसते!

जिमखाना आपला, खेळ त्यांचा

डेक्कन जिमखान्यावर उभं राहून भेळ खाणाऱ्याला कल्पना नसेल, पण जिमखाना हा शब्द जगभरच्या मोटार क्लबांमध्ये रोज वापरात आहे. शब्द जन्मला भारतात. 'गेंदखाना' आणि इंग्रजी 'जिम्नॅस्टिक्स' यांची ही खिचडी असावी असं मानतात, आणि त्याचा सर्वांत जुना सापडलेला वापर १८६१ चा, रुरकीचा आहे. आधी अर्थ होता व्यायामाची आणि खेळाची जागा. तिथून तो इंग्लंडला गेला आणि घोड्यावरच्या गमतीच्या शर्यतींना चिकटला. घोडे जाऊन मोटारी आल्या तेव्हा शब्द तोच राहिला.

मोटारींचा जिमखाना म्हणजे मोकळ्या मैदानात शंकू मांडायचे आणि त्यांच्यामधून गाडी नागमोडी काढायची. वेग फार नसतो, पण फजिती भरपूर. मोठ्या फळीची सी-सॉ करून तिच्यावर गाडी तोलायची. काठ्यांच्या खोट्या गॅरेजात उलटी घालायची. सर्वांत लोकप्रिय खेळ म्हणजे चालकाचे डोळे बांधायचे आणि शेजारी बसलेल्याने 'डावीकडे, डावीकडे, अहो तुमच्या डावीकडे!' असं ओरडत त्याला वाट दाखवायची. संसारात हे रोज चालतं, इथे त्याला गुण मिळतात.

ट्यूलिपची फुलं आणि नवराबायको

क्लबांचा दुसरा आवडता उद्योग म्हणजे ट्रेझर हंट आणि रॅली. चालक चाक धरतो, शेजारचा 'नॅव्हिगेटर' हातातल्या रोडबुकावरून रस्ता सांगतो. या रोडबुकात प्रत्येक चौकाची चिमुकली आकृती असते. एका टोकाला गोळा, म्हणजे तुम्ही इथून आलात. दुसऱ्या टोकाला बाण, म्हणजे तिकडे जा. जगभर या आकृत्यांना 'ट्यूलिप' म्हणतात. फुलाशी त्यांचा संबंध नाही. नेदरलँड्समध्ये १९४९ साली सुरू झालेल्या ट्यूलिप रॅलीतून ही पद्धत आली, म्हणून हे नाव.

आपल्याकडे चालणाऱ्या वेळ-वेग-अंतर रॅलीत आणखी एक गंमत आहे. उशिरा पोचलात तर दंड, आणि लवकर पोचलात तरी दंड. मुंबईच्या माणसाला लवकर पोचल्याबद्दल शिक्षा होते हे समजायलाच अर्धा दिवस जातो. याच प्रकारात मला मनापासून आवडते ती अंधांची रॅली. रोडबुक ब्रेलमध्ये, नॅव्हिगेटर दृष्टिहीन, चालक डोळस. रस्ता कोणाला दिसतो आणि रस्ता कोणाला कळतो, याची तिथे झकास अदलाबदल होते. मुंबईसह देशातल्या अनेक शहरांत अशा रॅली झाल्या आहेत.

स्टेपनीचं गाव

जुन्या गाडीभोवती पाच मिनिटं उभं राहिलं तर मराठी शब्दकोशात न सापडणारी विद्या मिळते. 'स्टेपनी' घ्या. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसे. वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास पंक्चर चाकावर चढवायचं एक जादा चाक काढलं. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर. इंग्लंडात हा शब्द केव्हाच विसरला गेला. आपण मात्र तो घट्ट धरून ठेवला, तो इतका की बदली माणसालाही आपण बिनदिक्कत स्टेपनी म्हणतो. ब्राझीलमध्येही जादा चाकाला 'एस्तेपे' म्हणतात, तो याच गल्लीतला.

'डिकी'चं तसंच. घोड्याच्या बग्गीत नोकराला मागे बसायची उघडी जागा असे, ती डिकी. दोनआसनी मोटारी आल्या तेव्हा मागचं झाकण उलटं उघडलं की आतून बाक निघे, त्यालाही डिकीच म्हणत. ऊन, पाऊस, धूळ सगळं त्या बाकावर. अमेरिकेत त्याला चेष्टेने 'सासूबाईंची जागा' म्हणायचे. पुढे बाक गेला, सामान आलं, आणि आपल्याकडे नाव राहिलं. मेळाव्यात एखादी १९२०-३० ची दोनआसनी गाडी दिसली तर मालकाला तेवढी डिकी उघडून दाखवायला सांगा. पोरं हटत नाहीत तिथून.

'डॅशबोर्ड' म्हणजे घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवणारी फळी. 'शोफर' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ बॉयलर तापवणारा, आपल्या भाषेत आगवाला. आणि 'हँडल मारणे'! हे प्रात्यक्षिक क्लबातले ज्येष्ठ नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी देतात. चारही बोटं आणि अंगठा हँडलाच्या एकाच बाजूला ठेवायचे, मूठ वळायची नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर वळलेला अंगठा जागेवर राहत नाही. १९१२ च्या कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला आणि पुढे असंख्य मनगटं वाचली.

डुक्कर, पद्मिनी आणि उकडलेलं अंडं

प्रेमाची माणसं नावं ठेवतातच. पन्नाशीच्या दशकात आलेल्या गुबगुबीत फियाट ११०० ला मुंबईने 'डुक्कर फियाट' करून टाकलं. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले. आजही क्लबात कोणी 'माझी डुक्कर' म्हणालं तर दचकू नका, अभिमानाने सांगतोय तो. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी नवनव्या रूपांत काढली. आधी फियाट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी, चितोडच्या राणीच्या नावाने. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असल्याने पुढचं आसन सलग बाक. त्यावर तिघं बसत, आणि लग्नाच्या वऱ्हाडात किती बसत याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ ला काळ्यापिवळ्या पद्मिनीचं पर्व संपलं. आता ती पाहायची तर क्लबांच्या मेळाव्यातच.

मॉरिस मायनर पहिल्यांदा पाहून कारखान्याचे मालक लॉर्ड नफिल्ड वैतागले आणि तिला फोडून उकडलेलं अंडं म्हणाले. त्या अंड्याच्या दहा लाखांहून जास्त गाड्या खपल्या. उत्पादन सुरू होण्याआधी गाडी अरुंद वाटली म्हणून आरेखनकार ॲलेक इसिगोनिस यांनी नमुना उभा कापला आणि दोन्ही अर्धे एकमेकांपासून चार इंच दूर सरकवले. बॉनेटच्या मधली पट्टी ही त्याचीच खूण. आपल्याकडे हीच गाडी 'बेबी हिंदुस्थान' नावाने विकली गेली.

आणि हो, इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची 'मीरा'. डेट्रॉइट नाही, कोव्हेंट्री नाही, थेट इचलकरंजी. बारा हजारांच्या आसपास किमतीत सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार त्यांनी स्वतःच्या डोक्याने बनवली. कारखाना मात्र कधी उभा राहिला नाही. जुन्या गाड्यांच्या गप्पांत रोल्स-रॉइसवर तास जातात आणि मीरावर दोन मिनिटं, हे मला अजिबात पटत नाही.

खजिना भंगारात

हॅम्पशायरमधल्या ब्यूलीला लॉर्ड मॉन्टेग्यू यांनी १९६७ मध्ये जुन्या पार्टांचा बाजार भरवला आणि त्याला नाव दिलं 'ऑटोजंबल'. आज तिथे दोन हजारांहून अधिक गाळे लागतात. माणसं गंजलेला हेडलाइट छातीशी धरून आनंदाने रडायच्या बेतात असतात. आपल्याला हे नवीन नाही. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार आणि कुर्ल्याचं भंगार ही आपली बारमाही ऑटोजंबलं आहेत. तिथे जायचा नियम एकच: हवा असलेला पार्ट दिसला की आधी दुसऱ्याच वस्तूची किंमत विचारायची.

कंगवा, आरसा आणि दसरा

गाड्यांच्या सौंदर्यस्पर्धेला 'कॉन्कूर' म्हणतात. इटलीतली व्हिला देस्ते १९२९ ची, कॅलिफोर्नियातली पेबल बीच १९५० ची. परीक्षक गाडीखाली आडवे होऊन नटबोल्टसुद्धा मूळचे आहेत का ते तपासतात. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हापेक्षा जास्त चकचकीत केली तर गुण जाण्याचीही भीती. नखरे एवढे, की नुसती ट्रकवर चढून येणारी आणि रस्त्यावर न धावणारी गाडी 'ट्रेलर क्वीन' म्हणून चेष्टेचा विषय होते. २०१२ आणि २०१८ साली पेबल बीचला भारतीय राजेरजवाड्यांच्या गाड्यांचा खास वर्ग होता.

भारतातली जुनी रॅली म्हणजे स्टेट्समन वृत्तपत्राची, दिल्लीत १९६४ पासून आणि कोलकात्यात १९६८ पासून. दिल्लीला रेल्वे संग्रहालयाचा १९१४ चा जॉन मॉरिस अग्निबंब भरीव रबरी चाकांवर खडखडत येतो आणि चकाचक गाड्यांचं सगळं लक्ष पळवतो. लोक मात्र गाड्यांपेक्षा आतल्या माणसांना बघतात. नऊवारी, फेटा, घोळदार टोप्या, आजोबांचा कोट.

तरीही माझा कौल कोल्हापूरला. दसऱ्याच्या शाही सीमोल्लंघनाला छत्रपती घराणं जुन्या मेबॅक गाडीतून दसरा चौकात येतं आणि अख्खं शहर ती बघायला उभं असतं. परीक्षक नाही, गुण नाहीत, तिकीट नाही. आणि त्याच दिवशी गल्लोगल्ली धुतलेल्या, झेंडूचे हार घातलेल्या रिक्षा-मोटारी पाहिल्या की वाटतं, कॉन्कूर आपण घरटी करतो, फक्त फ्रेंच नाव द्यायचं राहिलं.

हंस आणि कचरा

क्लबात सांगितल्या जाणाऱ्या अचाट कथांपैकी ही शंभर टक्के खरी. १९१० च्या सुमारास कोलकात्यात रॉबर्ट मॅथ्यूसन या साहेबाने हंसाच्या आकाराची मोटार इंग्लंडहून बनवून आणली. चोचीतून गरम पाण्याची वाफ सुटायची, डोळे विजेच्या दिव्यांनी चमकायचे आणि मागून चुन्याची निवळी टपकायची. हंस खरा वाटावा म्हणून! रस्त्यावर एवढी पळापळ झाली, की पोलिसांनी गाडीवर बंदी घातली. पुढे ती नाभाच्या महाराजांकडे गेली. आता ती हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे, जिथे जेनेव्हिव्हही मुक्कामाला आहे.

दुसरी कथा तुम्ही शंभरदा ऐकली असेल. कुणा राजाने अपमानाचा सूड म्हणून रोल्स-रॉइसला झाडू बांधून कचरा उचलायला लावलं म्हणे. राजा कधी अलवारचा असतो, कधी पतियाळाचा, कधी हैदराबादचा. एकच गोष्ट इतक्या राजांनी केली असेल तर ती कोणीच केली नसावी, असं माझं मत. पण मेळाव्यात हे बोलू नका, पुढची मिसळ मिळणार नाही.

भाजी आणायला मनाई

जुनं कशाला म्हणायचं, यावरही वाद. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ३० वर्षं पुरेशी मानते. त्या हिशेबाने डिसेंबर १९८३ ला रस्त्यावर आलेली मारुती ८०० केव्हाच ऐतिहासिक झाली. आपल्या केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत मात्र 'व्हिंटेज' म्हणजे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली. तिला नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला पाच हजार, मुदत दहा वर्षं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला, भाजी आणायला किंवा ऑफिसला जायला नाही. मिसळ 'इंधन भरणं' या सदरात बसते की नाही, यावर क्लबात अजून एकमत झालेलं नाही.

तुमच्या वाड्यात, गावच्या गोठ्यात ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी आरसी पुस्तक शोधून ठेवा. कागद नसलेली गाडी दुरुस्त होते, पण रस्त्यावर येताना अडते. आणि मेळाव्याला गेलात तर चकचकीत रंगाला हात लावण्याआधी मालकाला विचारा. धक्का मारायची वेळ आली तर मात्र न विचारता पुढे व्हा.